भंडारदरा : जलाशयाकाठच्या गावांचे अर्थकारण आणि लोकजीवन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, अकोले तालुक्यातील भंडारदरा हे लहानसे गाव वसले आहे. उत्तरेला कळसूबाई, पश्चिमेला घाटघरचा कोकणकडा, दक्षिणेला रतनगड आणि या सर्वांच्या मध्ये प्रवरा नदीचा अडविलेला विस्तीर्ण जलाशय, असे येथील भूदृश्य आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरील घोटीहून बारीमार्गे येणारा रस्ता शेंडी या बाजाराच्या गावी पोहोचतो. तेथून जलाशयाला वळसा घालीत मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि मुतखेल या गावांना जाता येते. पावसाळा आणि काजव्यांचा हंगाम या दोन काळांत हजारो पर्यटक या मार्गाने फिरून जातात.

ज्या धरणामुळे हा जलाशय निर्माण झाला, त्याच्या पूर्ततेला २०२६ साली शंभर वर्षे होतात. या शतकात जलाशयाच्या पाण्याने खालच्या मैदानी भागाचे रूप पालटून टाकले. जलाशयाच्या काठी राहणाऱ्या गावांच्या वाट्याला मात्र काय आले आणि पर्यटन हा त्यांच्या उपजीविकेचा टिकाऊ आधार होऊ शकतो काय, हा प्रश्न पंचायत राज्याच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

पाऊस आणि अवर्षण यांचे शेजार

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग हा राज्यातील अतिवृष्टीच्या प्रदेशांपैकी एक होय. घाटघर येथे वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणूनच घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हटले जाते. कोकणातून वर चढणारे ढग सह्याद्रीच्या कड्यावर आपला बहुतेक भार रिता करतात. डोंगराच्या पूर्वेला मात्र पर्जन्यमान झपाट्याने घटते. श्रीरामपूर, नेवासे या मैदानी तालुक्यांत ते ५०० मिलिमीटरच्या आसपास येते. एकाच जिल्ह्यात अतिवृष्टी आणि अवर्षण असे शेजारी नांदत असल्यामुळे, डोंगरावरचे पाणी अडवून मैदानाला देण्याचा विचार एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांनंतर प्रबळ झाला.

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी भंडारदऱ्याजवळ एका अरुंद खिंडीतून बाहेर पडते. धरणासाठी ही जागा अत्यंत अनुकूल होती. १९१० साली बांधकामास आरंभ झाला आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाल्यामुळे त्यास ‘विल्सन धरण’ असे नाव मिळाले. जलाशय ‘ऑर्थर लेक’ या नावानेही ओळखला जातो. दगडी बांधकामाच्या या धरणाची उंची सुमारे ८२ मीटर, म्हणजे २७० फूट असून साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ११ टी.एम.सी. आहे. १९६९ साली धरणाच्या भिंतीला भेगा आढळून आल्या. त्यानंतर भिंतीला खालच्या अंगाने आधार-भिंती देऊन धरण मजबूत करण्यात आले. धरणातून सोडलेले पाणी एका गोलाकार खडकावरून छत्रीसारखे पसरते. हाच पर्यटकांच्या आवडीचा ‘अंब्रेला फॉल’ होय.

पाणी वाहते कोठे?

धरणातून सोडलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून संगमनेरजवळील ओझर बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी मैदानी भागात पोहोचते. या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि उसावर साखर कारखानदारी उभी राहिली. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी येथे स्थापन केलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० साली सुरू झाला. राज्यातील सहकारी साखर उद्योगाचा पाया ज्या पाण्यावर घातला गेला, ते पाणी भंडारदऱ्याचे होते.

पुढे प्रवरेवरच निळवंडे धरण बांधण्यात आले. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. घाटघर येथे उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारण्यात आला असून प्रत्येकी १२५ मेगावॉटच्या दोन संचांद्वारे त्याची स्थापित क्षमता २५० मेगावॉट आहे. विजेची मागणी कमी असताना कोकणाच्या बाजूच्या खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करावयाची, असे त्याचे तत्त्व आहे. हा प्रकल्प २००८ साली कार्यान्वित झाला. समन्यायी पाणीवाटपाच्या धोरणानुसार, तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतील पाणी गोदावरीवरील जायकवाडीपर्यंत सोडावे लागते. अशा रीतीने भंडारदऱ्याच्या एकाच पाण्यावर ऊस, वीज, शहरे आणि दूरवरचा मराठवाडा यांचे हक्क आहेत.

काठावरच्या गावांची स्थिती याहून वेगळी आहे. धरण झाले तेव्हा प्रवरेकाठची सखल जमीन पाण्याखाली गेली आणि वस्त्या उतारावर सरकल्या. शेत वर आणि पाणी खाली, अशी रचना झाल्यामुळे उपसा करण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्याला जलाशयाचा उपयोग नाही. कातळावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो. त्यामुळे जेथे पावसाळ्यात घराबाहेर पडणे अवघड होते, त्याच काही वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागत आली आहे.

लोक आणि लोकजीवन

या परिसरात प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती आहे. इंग्रजी राजवटीविरुद्ध बंड उभारणारे राघोजी भांगरे हे याच तालुक्यातील देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर येथील लोकांचे दैवत आहे. भांडी घासणे व केर काढणे ही कामे सांगावयाची नाहीत, या अटीवर घरकामास राहिलेली कळसू नावाची कोळ्याची मुलगी, ती अट मोडली जाताच डोंगरावर निघून गेली, अशी लोककथा आहे. नवरात्रात शिखरावरील देवीच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. रतनवाडी येथील अमृतेश्वराचे कोरीव शिल्पांनी नटलेले प्राचीन मंदिर परंपरेने शिलाहार राजा झंझ याच्या काळाशी जोडले जाते. मंदिरालगतची पुष्करणीही पाहण्याजोगी आहे.

शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण जाळून राब भाजावयाचा, त्यात भाताची रोपे वाढवावयाची आणि पाऊस स्थिरावला की खाचरांत आवणी करावयाची, असा क्रम आहे. उतारावर नागली, वरई व खुरसणी घेतली जाते. हिरडा, मध, करवंदे यांसारख्या वनोपजांचा संसाराला हातभार लागतो. अंगावर पाऊस झेलूनही चिखलात काम करणारी डांगी ही या भागातील गोवंशाची जात होय. डांगी जनावरांचे राजूर येथे भरणारे प्रदर्शन प्रसिद्ध आहे. अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळली जाते. त्या दिवशी गुराखी रानात वाघोबाची पूजा करतात, खिरीचा नैवेद्य दाखवितात आणि गुराढोरांच्या रक्षणाचे मागणे मागतात. देवदेवतांचे मुखवटे घालून सोंगे नाचविण्याचा बोहाडा आणि ठाकरांचा कांबडनाच हे येथील लोककलेचे ठळक आविष्कार आहेत.

भात निघाल्यावर मात्र हाताला काम उरत नाही. म्हणून अनेक कुटुंबे नाशिक व नारायणगाव परिसरात मजुरीसाठी स्थलांतर करतात. मुलांच्या शिक्षणात पडणारा खंड हा या स्थलांतराचा सर्वांत मोठा तोटा असून शिक्षकांना त्याचा अनुभव आहे. पर्यटनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात घ्यावयाचे आहे. पावसाळ्याबाहेर गावातच मिळणारा रोजगार म्हणजे केवळ चार पैसे नव्हेत. ते मुलाचे शाळेतील पूर्ण वर्षही आहे.

पर्यटनाचे वेळापत्रक

धरणाच्या बांधकामामुळे रस्ता आला आणि विश्रामगृहे आली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने येथे निवासस्थान चालविले. त्यामागोमाग खाजगी हॉटेले उभी राहिली. अलीकडे जलाशयाकाठचे तंबू आणि गावकऱ्यांनी घरीच केलेली निवास-भोजनाची सोय यांची त्यात भर पडली आहे. येथील पर्यटनाला ऋतुमानाप्रमाणे ठरलेले वेळापत्रक आहे. मेच्या अखेरीस व जूनच्या पूर्वार्धात काजवे, जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रानफुले व खुरसणीची पिवळी शेते, तर हिवाळ्यात गिर्यारोहण, साम्रदची सांधण दरी आणि जलाशयाकाठचा मुक्काम, असा हा क्रम आहे. जलाशय परंपरेने १५ ऑगस्टच्या सुमारास भरतो आणि त्या वेळी रंधा धबधब्याचे रौद्र रूप पाहण्यास गर्दी उसळते.

काजव्यांचा हंगाम : वैभव आणि धोका

पर्यटनाचे लाभ आणि हानी हे दोन्ही एका उदाहरणातून समजून घ्यावयाचे असतील, तर काजव्यांचे उदाहरण उत्तम होय. मान्सूनपूर्व सरींनी हवेत दमटपणा आला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांच्या फांद्यांवर असंख्य काजवे एकाच लयीत लुकलुकू लागतात. ‘काजवा महोत्सव’ या नावाने प्रसिद्धी झाल्यापासून शनिवार-रविवारी येथे वाहनांच्या रांगा लागतात.

हा प्रकाश म्हणजे नर-मादीमधील संदेश होय. नर उडताना ठराविक अंतराने चमकतो आणि पानावर किंवा गवतात बसलेली मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य अवघ्या दोन-तीन आठवड्यांचे असते. तेवढ्या अवधीत जोडी जमली नाही, तर पुढची पिढी जन्मत नाही. वाहनांचे दिवे, विजेऱ्या, भ्रमणध्वनीचे झोत आणि तंबूंजवळील प्रखर दिवे यांमुळे त्यांना परस्परांचे संकेत दिसत नाहीत. मादी ओलसर मातीत अंडी घालते. अळ्या अनेक महिने पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. झाडाखाली वाहने उभी केली, पाचोळा तुडवला वा जाळला, तर पुढील वर्षीचे काजवे त्याच जागी नष्ट होतात. सारांश, काजव्यांच्या हंगामाचे भांडवल म्हणजे अंधार, ओल आणि शांतता होय. पाहुणा जितका अनिर्बंध, तितके हे भांडवल लवकर संपते.

हा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. वनविभागाने शेंडी व मुतखेल येथील नाक्यांवर प्रवेशशुल्क आकारणी आणि काजव्यांच्या हंगामात रात्रीच्या वेळेचे निर्बंध असे उपाय योजले आहेत. तथापि, इतक्या विखुरलेल्या प्रदेशात केवळ नाक्यावर नियम लावून भागत नाही. झाडाखाली गाडी नेऊ नका, दिवा विझवा, असे सांगणारा माणूस त्या झाडाजवळच असावा लागतो आणि तो गावाचाच असू शकतो.

पैसा गावात किती राहतो?

पर्यटक किती आले, यापेक्षा त्यांनी खर्च केलेल्या रुपयापैकी गावात किती राहिला, हे मोजणे अधिक उपयुक्त ठरते. बाहेरच्या मालकाच्या हॉटेलात उतरलेल्या कुटुंबाचा खर्च पाहिला तर धान्य, भाजी, दूध शहरातून येते, नफा शहरात जातो आणि गावात राहते ती फक्त झाडलोट करणाऱ्याची मजुरी. तेच कुटुंब रतनवाडीच्या एखाद्या घरी उतरले तर भात त्याच खाचरातला, नागलीची भाकरी आणि खुरसणीची चटणी घरच्या बाईच्या हातची, रानभाजी परसामागच्या रानातली आणि वाट दाखविणारा मुलगा शेजारच्या घरातला असतो. येथे रुपया तीन-चार घरांत फिरून मगच गावाबाहेर जातो. शिवाय खाचरातल्या पारंपरिक भाताला पाहुण्याच्या ताटात किंमत मिळाली, तर ते वाण लावणे परवडते. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. बियाणे जतन आणि पर्यटन यांची सांगड येथे सहज घालता येण्यासारखी आहे.

याच्या उलट बाजूही आहेत. रस्त्यालगतची जमीन बाहेरच्या व्यक्तीच्या ताब्यात गेली की शेतकरी आपल्याच शेतावर रखवालदार होतो. आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरणावर कायद्याने निर्बंध असले, तरी दीर्घ मुदतीच्या भाड्याच्या करारांकडे ग्रामसभेचे लक्ष असणे आवश्यक आहे. प्लॅस्टिकचा कचरा शेवटी जलाशयात आणि खाचरांत येतो. मद्यपान करून पाण्यात उतरणे आणि पावसाळ्यात सांधण दरीत शिरणे यांतून जीव धोक्यात येतात. अशा प्रसंगी मदतीला प्रथम धावतो तो गावकरीच.

ग्रामसभेच्या हाती काय आहे?

ही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६, म्हणजेच पेसा कायदा, येथे लागू आहे आणि त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ साली तयार झाले. या कायद्याने ग्रामसभेस आपली परंपरा, सामूहिक साधनसंपत्ती आणि गौण वनोपज यांच्या रक्षणाचे व व्यवस्थापनाचे अधिकार दिले आहेत. राज्य शासनाने २०१५ साली आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय घेतला. वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनहक्कांचा मार्गही उपलब्ध आहे. या तरतुदींच्या आधारे पुढील कामे गावपातळीवर हाती घेता येण्यासारखी आहेत :

१. गावात निवासाची सोय करणाऱ्या घरांची व तंबूंची ग्रामपंचायतीकडे नोंदवही ठेवणे आणि एका वेळी किती पाहुणे सामावता येतील, हे शौचालय, पाणी व जागा पाहून ग्रामसभेत ठरविणे.

२. काजव्यांची झाडे निश्चित करून, वनविभागाच्या सहकार्याने वाहनतळ त्यांपासून दूर ठेवणे, पुढील वाट पायी करावयास लावणे आणि प्रशिक्षित स्थानिक युवकांना वाटाड्याचे काम देणे. ज्या झाडांवर काजवे रोडावले असतील, तेथे एखादा हंगाम विश्रांती देणे.

३. वाहनतळ, वाटाडे व निवास यांच्या उत्पन्नातील ठरलेला हिस्सा ग्रामकोषात जमा करून त्यातून कचरा संकलन व पिण्याच्या पाण्याची कामे करणे, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखविणे.

४. महिला बचत गटांकडे भोजनव्यवस्था आणि तांदूळ, नागली, मध यांची विक्री सोपविणे. निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करून घेण्यास ग्रामसेवकांनी साहाय्य करणे.

५. बोहाडा, वाघबारस यांसारखे सण पर्यटकांच्या सोयीने मागेपुढे न करता, गावाच्या तिथीप्रमाणेच साजरे करणे. पाहुण्याने ते पाहण्यास यावे, परंतु ते पाहुण्यासाठी होऊ नयेत.

शिक्षकांचे कार्यही यात मोलाचे ठरेल. विद्यार्थ्यांनी दरवर्षी ठरावीक झाडांवरील काजव्यांच्या नोंदी ठेवल्या, पहिल्या सरीची तारीख आणि शाळेच्या आवारातील पर्जन्यमान लिहून ठेवले, वडीलधाऱ्यांकडून भाताच्या जुन्या वाणांची व रानभाज्यांची नावे गोळा केली, तर काही वर्षांत गावाची स्वतःची नोंदवही तयार होईल. ग्रामसभेला निर्णय घेताना तिच्याइतका विश्वसनीय आधार दुसरा मिळणार नाही.

समारोप

शंभर वर्षांपूर्वी भंडारदऱ्याची खिंड अडविताना, पाणी कोणत्या कालव्याने कोणाच्या शेतात जाईल याचा काटेकोर हिशेब मांडण्यात आला होता. काठावरच्या गावांचा हिशेब मात्र कोणी मांडला नव्हता. पर्यटनाच्या रूपाने या गावांना तो स्वतः मांडण्याची संधी आज आली आहे. प्रवरेचे पाणी पुढेही मैदानात जाईल आणि ते जावयासच हवे, कारण त्यावर लाखोंचे पोट अवलंबून आहे. परंतु डोंगरावरील अंधार, झाडे, देवराया, भाताची खाचरे आणि पाहुण्याला घास देणारी चूल ही संपत्ती कालव्याने वाहून नेता येत नाही. ती गावातच राहते आणि तिचे रक्षण गावानेच करावयाचे आहे. भात निघाल्यावर कामासाठी गाव सोडणारी कुटुंबे घरीच राहू लागली आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर तीच झाडे पुन्हा उजळू लागली, तर जलाशयाकाठचे पर्यटन योग्य मार्गावर आहे, असे समजावयास हरकत नाही.